अर्धा राहिलेला काप

साहेब, तुम्ही चोर आहात.

जंगलातून उचलून तुम्ही मला तुमच्या वनखात्याच्या विश्रामगृहाच्या भिंतीवर टांगलेत. खाली शेकोटी पेटवलीत. आणि आल्यागेल्या पाहुण्यांना सांगता, "जुन्या काळची चीज आहे." जुन्या काळची कशी? ज्यांची मी आहे, ती माणसे अजून जिवंत आहेत. जिवंत माणसाची वस्तू त्याला न विचारता उचलली, तर आमच्या घरी तिला चोरी म्हणतात. तुमच्याकडे जप्ती म्हणत असतील.

मित्रांनो, असे दचकू नका. मोठ्या माणसाला चोर म्हणायचे नसते, हे तुम्हाला शिकवलेले असेल. मला कोणी शिकवले नाही. मी एक जुनी करवत आहे. उभ्या माणसाएवढी लांब, आणि दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ. दात लोखंडाचे आहेत, मग जीभ मऊ कुठून आणू?

लोहाराने मला घडवले, कानशीने एकेक दात घासला आणि घरधन्याच्या हाती दिले. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. लोहार म्हणाला, "हिला एकट्यानं हात लावू नका हं. ही दोघांची आहे."

"घरात दोघं आहोतच की. एक मी, एक ही," बाबा आईकडे बघत म्हणाले.

"मग भांडू नका म्हणजे झालं."

लोहार थट्टा करत होता, पण खरे तेच होते. माझा नियम एकच आहे. आपली पाळी आली की ओढायचे, समोरच्याची पाळी आली की सैल सोडायचे. ढकलायचे मात्र कधीच नाही. ढकलले की मी वाकते, लाकडात पडलेल्या कापात अडकते, आणि मग दोघांचाही घाम फुकट जातो.

झाडांची पाने झडली आणि सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाची पापडी दिसू लागली, की आई म्हणे, "चला, हिवाळा दारात आला. त्याला रिकाम्या हाती भेटायचं नाही." मग अख्खे घर जंगलात निघे. बाबांच्या खांद्यावर कुऱ्हाड, आईच्या कमरेला दोरखंड. मी थोरल्या आणि धाकट्याच्या खांद्यांवर आडवी. मागे चिमणी, म्हणजे शेंडेफळ, ढलप्यांसाठी पोते घेऊन. उभ्या झाडाला बाबांनी कधी दात लावू दिला नाही. वादळाने पाडलेला ओंडका शोधायचा, कुऱ्हाडीची पाठ त्यावर ठोकायची, आवाज खणखणीत आला तरच मला बोलवायचे. ओंडका हलू नये म्हणून चिमणी त्याच्यावर घोड्यासारखी बसे आणि दोन्ही भावांवर हुकूम सोडे.

मुठी कोणी धरायच्या, हे आई ठरवत असे. त्या आठवड्यात ज्यांचे भांडण झाले, ते दोघे माझ्या दोन टोकांना! यातून आई स्वतःही सुटत नसे.

"ढकलताय तुम्ही," ती बाबांना म्हणे.

"मी कुठे? तूच अडवून धरतेस."

"घरातही असंच म्हणता."

"घरात म्हणायला संधी कुठे मिळते?"

चिमणी खिदळे, भुसा उडे, आणि ओंडक्याचे दोन तुकडे होईपर्यंत दोघे संध्याकाळच्या स्वयंपाकाचे बोलू लागत. शेजारी मला मागून नेत आणि परत देताना म्हणत, "अशी करवत गावात दुसरी नाही." रात्री मी दारामागे टांगलेली असे. आत चुलीत लाकूड तडतडे, पाच माणसे तिच्याभोवती दाटीवाटीने बसत. सगळ्यांत ऊबदार जागेवरून धक्काबुक्की चाले, आणि ती जागा दरवेळी चिमणीच पटकावे. साहेब, तो आवाज ऐकायला माझा जीव आजही तुटतो.

मग बाबा गेले.

थोरला म्हणाला, "घराला कुलूप लावू. सगळे शहरात चला. तिथे वायरमनचं काम मिळतंय मला. खोलीत हीटर आहे, लाकडं वाहायची कटकट नाही."

धाकटा म्हणाला, "जा की तू. आई इथून हलणार नाही."

"आईच्या वतीनं तू बोलू नकोस."

"मग तूही बोलू नकोस."

त्यानंतर दोघे बोलेनासे झाले. एकाला काही सांगायचे असले, की तो चिमणीला सांगे, आणि दुसरा तिथेच समोर बसलेला असे. हिवाळा तोंडावर आला तेव्हा आईने मला दारामागून काढले आणि दोघांच्या पुढ्यात टाकले. "उचला. कोण जाणार, कोण राहणार ते नंतर. आधी लाकूड."

जंगलाच्या तोंडाशी तुमची नवी पाटी होती, साहेब. पडलेले लाकूडही उचलण्यास मनाई. ते जंगल तुम्ही पायी कधी पाहिलेत? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पडलेले काय आणि उभे काय! आईने पाटी वाचली आणि म्हणाली, "झाड पडलं तेव्हा यांना विचारून पडलं का?" आणि ती पुढे झाली.

सुरुवातीला दोघेही भाऊ ढकलत होते. मी वाकत होते, कण्हत होते. आई ओरडली, "अरे, मोडाल तिला! सोडायला शिका." हळूहळू थोरल्याचा हात सैल झाला. मग धाकट्याचा. लय लागली. भुशाचा वास सुटला. काप अर्ध्यावर आला आणि मान वर न करता धाकटा म्हणाला, "दादा, ऐक ना..."

'दादा' म्हणाला होता तो! कित्येक दिवसांनी. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

तुमचा रखवालदार. गावातलाच, मला दोनदा मागून नेलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. कापातून मला हिसकून काढत तो म्हणाला, "मावशी, वरचा हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही."

"हातात आमची करवत आहे की रे," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतताना भावांनी एकमेकांवर खापर फोडले, आणि सकाळी थोरला एकटाच शहरात निघून गेला. हे मला खूप नंतर, रखवालदाराच्या बोलण्यातून कळले. तोवर मी तुमच्या कोठारात गंज खात पडले होते. मग तुमच्या कोणा पाहुण्याला मी आवडले. तुम्ही माझ्या दातांना चकचकीत रंग फासलात आणि इथे टांगलेत. माझ्या खाली जळते ते लाकूड ओले असते, फुसफुसते. उभ्या, जिवंत झाडाचे आहे ते. मला वासावरून कळते. त्याला मनाई नाही?

परवा दिवे दुरुस्त करायला एक वायरमन आला. शिडीवर चढला आणि माझ्यासमोर थबकला. थोरला! केस पिकू लागलेत त्याचे.

"ही आमची आहे," तो खालच्या शिपायाला म्हणाला.

"असेल. आता साहेबांची आहे. दिवा बघ तू."

"आई धाकट्याकडे असते. चिमणी सांगते फोनवर, थंडीत एकच खोली तापवतात म्हणे."

"मग जाऊन ये ना."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्याने हात लांब करून माझी मूठ धरली. आपल्या बाजूने हलकेच ओढली. मी बोटभर सरकले आणि तो थांबला, हात सैल सोडून. समोरच्याची पाळी होती ना. समोर भिंत होती. मग तो खाली उतरला.

मित्रांनो, तुमच्या घरात दोघांनी मिळून उचलायचे काही असेल, एखादे जड पिंप, एखादा पलंग, तर ते टाकू नका. कोणाला नेऊही देऊ नका. एकट्याने भागते असे वाटू लागले, की माणसे एकटीच पडतात.

आणि साहेब, तो ओंडका तिथेच पडलाय. तुम्ही तो नेला नाहीत, दुसऱ्या कोणाला नेऊ दिला नाहीत. त्याला वाळवी लागली असेल. "दादा, ऐक ना"च्या पुढे धाकटा काय म्हणणार होता, ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्याच्या दादालाही माहीत नाही. माझे दोन धनी अजून आहेत, हात धडधाकट आहेत, आणि मी तुमच्या भिंतीवर शोभा देते आहे. उरलेला अर्धा काप कोणी पुरा करायचा?

शेकोटीकडे बघू नका. वर बघा. उत्तर द्या.