इशेनने स्वतःच्या जागेसाठी पाहिलेला खेळाडू

केन-सू संघाचा प्रशिक्षक तुरातबेक हा मुळात कमी बोलणारा माणूस. सरावानंतर इशेन घोड्याचा घाम पुसत होता, तेव्हा तो जवळ आला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अत-बाशीकडे एक पोरगा आहे. झामिर नावाचा. लोक फार बोलतायत त्याच्याबद्दल. जाऊन बघून ये."

"कुठल्या जागेसाठी?" इशेनने विचारलं.

तुरातबेक घोड्याकडेच बघत राहिला. "तुझ्या."

इशेनचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. कोक-बोरू या किर्गिझ घोडेस्वारांच्या खेळात, केन-सूच्या संघात, उलाक उचलण्याचं काम बरीच वर्षं त्याचंच होतं. उलाक म्हणजे मुंडकं छाटलेलं बोकडाचं धड. घोड्यांच्या झुंडीत घुसायचं, रिकिबीतून जमिनीपर्यंत खाली वाकायचं, ते जड धड एका हाताने उचलून मांडीखाली दाबायचं आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या कझानात, त्या मातीच्या उंच कुंडात, नेऊन टाकायचं. हे काम कोणालाही जमत नाही. पण गेल्या मोसमापासून इशेनचा गुडघा खाली वाकताना दगा द्यायला लागला होता. त्याला ते ठाऊक होतं, आणि तुरातबेकलाही ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं.

"माझ्या जागेचा माणूस मीच निवडायचा?"

"मग कोण निवडणार? मैदानाबाहेर बसून मोबाइलवर खेळ बघणारे? त्या जागेवर काय लागतं ते तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

इशेनला ते टोचलंही आणि कुठेतरी बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी तो निघाला.

झामिरचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. गावाबाहेरच्या कुरणात आसपासच्या पोरांनी खेळ मांडला होता. इशेन कुणाशी न बोलता एका टेकाडावर जाऊन बसला. थोड्याच वेळात, कुणी न दाखवताच, झामिर कोणता ते त्याला कळलं. पंचविशीच्या आतबाहेरचा, काटक. त्याचा घोडा काही फार मोलाचा नव्हता, पण तो घोड्याशी भांडत नव्हता. गर्दीत फट पडायच्या आधीच तो तिथे पोचलेला असायचा. भरधाव घोड्यावरून तो असा खाली झुकायचा, की इशेनचा श्वास अडकायचा. उलाक उचलून वर येताना त्याचं शरीर जराही डगमगत नव्हतं.

माझ्यापेक्षा चांगला आहे, इशेन मनात म्हणाला. मी या वयाचा होतो तेव्हाच्या माझ्यापेक्षाही.

हे त्याने स्वतःशी कबूल केलं, आणि त्यानंतरच ते दुसरं त्याच्या नजरेला आलं. उलाक घोड्याच्या उजव्या बाजूला पडला, की झामिर घोडा गर्रकन वळवायचा, पूर्ण वळसा घ्यायचा आणि डाव्या हाताने उचलायचा. बघणारी पोरं त्या वळशावर शिट्ट्या मारत होती. ऐट म्हणून ती दिसतही छान होती. पण ज्या खेळात समोरचा घोडा नाकासमोर येऊन ठेपलेला असतो, तिथे कुणी ऐटीसाठी वळसा घेत नाही.

खेळ संपल्यावर झामिरच्या बापाने, ओरोझने, पाहुण्याला घरी नेलं. दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, बोरसोकचे तळलेले गोळे, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, मध्ये उकडलेल्या मांसाचं ताट. जेवणाआधी झामिर पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला आला, डाव्या हाताने.

त्याची आई सायरा ओरडली, "अरे, पाहुण्याला डाव्या हाताने पाणी घालतोस? काही रीतभात?"

झामिरने तांब्या उजव्या हातात घेतला. पाण्याची धार थरथरली. इशेनने हात धुतले.

जेवणानंतर तो घोडे बघायच्या निमित्ताने झामिरला बाहेर घेऊन गेला. "ते खोगीर जरा वर ठेव बघू," तो म्हणाला. "उजव्या हाताने."

झामिर जागचा हलला नाही. मग थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "कुणाच्या लक्षात नाही आलं, बाइके."

"कधी पडलास?"

"वसंतात. घोडा खांद्यावर आला. हाडवैद्याने बसवून दिलं. दुखतं, पण खेळता येतं. तुम्ही बघितलंच."

"बघितलं. या एका मोसमात येईल. त्यानंतर हात डोक्यावर न्यायलाही दुसऱ्याला बोलवावं लागेल."

"एक मोसम मिळाला तर पुरे." झामिरचा आवाज खाली आला. "आमच्या गावात निवडायला कोण येतं, बाइके? यंदा तुम्ही आलात. पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरा कुणीतरी सापडेल. माझं नावही कुणाला आठवणार नाही. तुम्ही फक्त सांगू नका. बाकी मी बघतो."

इशेनने त्याला कसलंही वचन दिलं नाही. नकारही दिला नाही. निघताना सायराने कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पुरचुंडी त्याच्या खिशात कोंबली आणि म्हणाली, "पोरगा चांगला आहे हो. डोकं थोडं गरम आहे, पण चांगला आहे." तिच्याकडे बघवेना म्हणून त्याने घोड्याचे पट्टे उगाचच पुन्हा आवळले.

परतल्यावर त्याने तुरातबेकला होतं ते सगळं सांगितलं. पोरगा अस्सल आहे, असा दहा वर्षांत पाहिला नाही, पण खांदा गेलेला आहे. यंदा खेळवू नका. संघात घ्या, उपचार करा, पुढच्या वर्षी मैदानात उतरवा.

तुरातबेकने मोबाइलवर झामिरच्या खेळाची, कुणीतरी पाठवलेली फिल्म लावली. "दाखव, कुठे?"

इशेनने तो वळसा दाखवला. तुरातबेकने तो पुन्हा पुन्हा पाहिला. "मला तर ही ऐट दिसते."

"ऐट नाही ती."

"आणि यंदा त्या जागेवर कोण खेळणार?"

उत्तर एकच होतं, इशेन स्वतः. दारापाशी अकमात उभा होता. संघातला दुसऱ्या फळीतला घोडेस्वार, कितीतरी दिवसांपासून इशेनच्या जागेवर डोळा ठेवून असलेला. तो हसत म्हणाला, "लांडग्याला पाठवलंत कोकरू बघायला, बाइके. लांडगा येऊन सांगतोय, कोकरू आजारी आहे."

आत बसलेले बाकीचे खेळाडू हसले. तुरातबेक हसला नाही, पण त्याने अकमातला गप्पही केलं नाही.

दोन दिवसांनी झामिरला बोलावलं गेलं. सगळ्यांसमोर तुरातबेकने विचारलं, तेव्हा त्याने उजवा हात सरळ डोक्यावर नेला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्याला काय सोसावं लागलं असेल ते इशेनला दिसत होतं.

"दुखतंय कुठे?"

"कुठेच नाही." मग इशेनकडे न बघता तो म्हणाला, "इशेन बाइके मोठे खेळाडू आहेत. जागा सोडवत नसेल एवढंच. मी रागावलेलो नाही."

इशेन तिथून निघाला तो थेट घरी. त्याची बायको बुरुल चुलीपाशी कणीक मळत होती. तिने त्याचा चेहरा बघितला, कणीक बाजूला सारली आणि वाटीत चहा ओतला. त्याने सगळं सांगितलं. बुरुलने त्याची वाटी पुन्हा भरली. शेवटी म्हणाली, "एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"तो डाव्या हाताने पाणी घालायला लागला तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का?"

इशेनने वाटी खाली ठेवली. खोटं बोलायचं तर ते बुरुलसमोर त्याला कधी जमलं नव्हतं.

"वाटलं," तो म्हणाला. "थोडंसं. लगेच लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं."

"मग ते लोक म्हणतात त्यात काही अगदीच तथ्य नाही, असं नाही."

"पण खांदा खरंच गेलाय, बुरुल."

"मी कुठे नाही म्हणते? दोन्ही खरं आहे. त्यांना एकच दिसतंय." तिने पुन्हा कणीक ओढली. "तुमच्या तोंडून ते खरं वाटणार नाही. जोवर त्यात तुमचा फायदा आहे तोवर नाही."

त्या दिवशी इशेन जेवला आणि नेहमीप्रमाणे घोड्याला चारा घालायला गेला. घोड्याच्या अंगाला टेकून तो बराच वेळ उभा राहिला. या मोसमानंतर थांबायचं, असं तो गेली तीन वर्षं म्हणत आला होता. आणखी एक मोसम, ही गोड गोष्ट होती. माणूस ती स्वतःच्या हाताने दूर सारत नाही.

सकाळी तो तुरातबेकच्या घरी गेला. तुरातबेक अंगणात लाकडं फोडत होता.

"माझं नाव काढा," इशेन म्हणाला.

तुरातबेकने कुऱ्हाड खाली ठेवली.

"यंदाही नको आणि पुढेही नको. माझी जागा अकमातला द्या."

"अकमातला? तुला तर तो डोळ्यांसमोर नको असतो."

"नकोच असतो. पण उलाक उचलतो बरा. आता मी संघात नाही. आता मला काही मिळवायचं नाही आणि वाचवायचंही नाही. तरीही सांगतो, त्या पोराला यंदा मैदानात उतरवू नका. त्याला घ्या, पगार द्या, डॉक्टरला दाखवा. मी खोटा ठरलो तर कोक-बोरूबद्दल मला पुन्हा काही विचारू नका."

तुरातबेकने हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "इतकी वर्षं आपण एकत्र काढली, आणि अकमात बोलला तेव्हा मी गप्प बसलो."

"मीही तिथे काही बोललो नाही," इशेन म्हणाला. "बोलायला तोंड नव्हतं."

झामिरला बिश्केकला नेलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला. खांद्यातला स्नायूचा दोर जवळजवळ तुटला होता, एका धाग्यावर लटकला होता. या अवस्थेत हा खेळत कसा होता, असं त्यांनी तुरातबेकला विचारलं. शस्त्रक्रिया झाली. संघाचे आश्रयदाते कुरकुरले, न खेळणाऱ्याला पोसायचं कशाला म्हणून. पण तुरातबेक एकदा हट्टाला पेटला की पेटला.

त्या मोसमात केन-सूचं काही खरं नव्हतं. अकमात जिवाच्या आकांताने खेळला, पण उपांत्य सामन्यात संघ हरला, आणि लोकांनी शिव्या घातल्या त्या मुख्यतः तुरातबेकला. इशेनला कुणी शिव्याही घातल्या नाहीत. मैदानाबाहेरच्या माणसाला लोक तेवढाही मान देत नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं. सामन्याच्या दिवशी घरात बसवत नसे आणि प्रेक्षकांत जाववत नसे. बुरुल त्याला काहीबाही कामं सांगायची आणि तो ती निमूट करायचा.

झामिर त्याच्याशी बोलत नव्हता. खांदा खरंच गेला होता हे सिद्ध झाल्यावर तर आणखीच नाही. सगळ्यांसमोर आपण जे बोललो ते पोटात ठेवून माणूस कोणाच्या दारात कसा जाणार? हिवाळ्यात एक दिवस मात्र तो आला. बर्फ झटकत उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "आईने पाठवलंय." हातात मधाची बरणी होती.

"आईने पाठवलं म्हणून आलास?" इशेनने विचारलं.

"नाही." तो खाली बघत होता. "डॉक्टरीणबाई म्हणतात आता हलकी कामं करायला हरकत नाही. घोड्यावर बसायचंय. दुसरं कुणी बसवलं तर मी घाई करीन. तुम्ही करू देणार नाही."

इशेनने बुरुलकडे पाहिलं. ती आत वळली आणि चहाची आणखी एक वाटी काढली.

त्या हिवाळ्यात आणि वसंतात दोघं रोज कुरणात जात. इशेन रागावायचा, झामिर चिडायचा, कधी कधी अर्ध्यातून घोडा वळवून निघूनही जायचा. दुसऱ्या दिवशी परत यायचा. झुंडीत फट कुठे पडते हे त्याला शिकवावं लागलं नाही. थांबायचं कधी, हे मात्र शिकवावं लागलं. आणि ते शिकवताना आपल्यालाही ते कुणी कधी शिकवलं नव्हतं, हे इशेनला जाणवत होतं.

नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला बुरुल त्याला ओढूनच घेऊन गेली. दोघं प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसली. त्यांच्या शेजारी एक म्हातारा होता, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. झामिरने पहिला उलाक झुंडीतून उपसून काढला आणि तीन घोडे मागे टाकून कझानात फेकला, तेव्हा म्हातारा इशेनच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघितलंस? असा पोरगा आपल्याला आधी का नाही मिळाला?"

"माहीत नाही, अक्साकाल," इशेन वडीलधाऱ्याचा मान ठेवत म्हणाला.

"मला माहीत आहे. त्या जागेवर एक म्हातारा घोडेस्वार अडून बसला होता म्हणे. उठायलाच तयार नव्हता."

बुरुल ताडकन म्हाताऱ्याकडे वळली. इशेनने तिचा हात हलकेच दाबला.

"बसला होता खरा," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याने पुढे केलेल्या बिया ओंजळीत घेऊन त्याने पुन्हा मैदानाकडे पाहिलं.