तिकोनी तारा

पाठपिशवीत अकरा वस्तू होत्या: खोक्यात बसवलेला दीडशे मिलिमीटरचा आरसा, दुर्बिणीच्या तोंडाची वरची कडी, ॲल्युमिनियमच्या सहा नळ्या, दोन आयपीस आणि एक पाना. लाकडी तिवई पिशवीला बाहेरून पट्ट्यांनी बांधलेली होती. तिच्यासकट वजन सात किलो दोनशे ग्रॅम. तिच्यासकट, हे सांगायला हवं, कारण दादाच्या माहितीपत्रकात दुर्बिणीचं वजन तिवई सोडून छापलेलं असायचं. हे मी एकदा गिऱ्हाइकासमोर बोलले होते. तेव्हापासून आमचं बोलणं पान्या-स्क्रूंपुरतं उरलं होतं.

दादा माझा चुलतभाऊ. दुर्बिणींचा कारखाना काकांचा: तीन खोल्या, एक लेथ, आरसे घासायची दोन टेबलं. पदवी घेऊन मी तिथं लागले त्याला दोन वर्षं झाली होती. माझ्या मोजत बसण्याच्या सवयीवरून दादानं माझं नाव मायक्रॉन ठेवलं होतं, आणि आता पॅकिंगवालासुद्धा मला तसंच हाक मारायचा.

त्या दिवशी दुपारी खगोलमंडळाचे सर येणार होते, गणिताचे निवृत्त शिक्षक. मंडळासाठी त्यांना एकाच नमुन्याच्या बारा दुर्बिणी हव्या होत्या. त्यांचे बहुतेक सभासद तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारे. अंधारं आकाश बघायचं तर एसटी धरून गावाबाहेर जायचं. जड दुर्बीण पहिल्या महिन्यात चार वेळा बाहेर निघते आणि मग तिच्यावर कपडे वाळत पडतात, असं सर म्हणायचे. म्हणून त्यांनी अट साधी ठेवली होती. तारा गोल दिसला पाहिजे, आणि नळीवर ठोका मारल्यावर प्रतिमेची थरथर दोन सेकंदांच्या आत थांबली पाहिजे. नमुने दोन होते, एक दादानं केलेला आणि एक मी; दोन्ही या कसोटीला उतरले तर हलका घ्यायचा.

काकांनी सकाळीच मला बजावलं होतं. सरांनी माझी घेतली तर माझं टेबल माझं. नाही घेतली तर सोमवारपासून मी पॅकिंगला, आणि टेबल दादाला.

परीक्षा गच्चीवर होती. दादाची दुर्बीण सोळा किलोची, पोलादी. ती वर न्यायला तो आणि पॅकिंगवाला दोघे लागले, दोन खेपांत. मी पिशवी पाठीला लावून त्यांच्या मागून चढत होते. माझं खेळणं वारा सुटला की चंद्रासकट नाचेल, असं दादा जिन्यात म्हणाला. त्याची नाचणार नाही, कारण ती वर पोचेपर्यंत चंद्र मावळलेला असेल, असं मी म्हणाले. काकांनी दोघांनाही गप्प बसवलं.

दिवसा तारा कुठून आणायचा? समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर काळा पुठ्ठा लावून त्यावर बेअरिंगमधला एक छर्रा चिकटवला होता. त्यावर उन्हाचा जो ठिपका चमकतो तोच आमचा तारा. दादाच्या दुर्बिणीतून तो गोल दिसला. ठोका मारल्यावर एक पूर्णांक चार दशांश सेकंदात स्थिर झाला.

मी माझी साडेतीन मिनिटांत जोडली. सरांनी डोळा लावला, फोकस थोडा आतबाहेर केला आणि मागे सरकले. "तिकोनी आहे," ते म्हणाले.

मी पाहिलं. तीन कोपरे, स्पष्ट. आरसा तीन क्लिपांनी धरलेला असतो. क्लिप आणि काच यांच्यात कागदाची पट्टी सरकेल एवढी फट लागते. क्लिप आवळली की काच दबते आणि तारा तिकोनी होतो. सरांनी पट्टी घालून पाहिली. तिन्हीकडे अडली.

सकाळी माझ्या टेबलापाशी दादाच उभा होता.

"क्लिपा तू आवळल्यास," मी म्हणाले. "हरायची भीती वाटली तर तसं सांगायचं. असं पाठीमागून कशाला?"

पॅकिंगवाला खाली बघायला लागला. काकांचा चेहरा उतरला. दादा मात्र आरशावर वाकला आणि क्लिपांचे स्क्रू एकेक करून बघू लागला. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मी पेन्सिलीची रेघ मारून ठेवते, म्हणजे किती फिरला ते कळतं.

"इकडे ये," तो म्हणाला. "तिन्ही रेघा बघ. पाव फेरा, पाव फेरा, पाव फेरा. मी आवळलं असतं ना मायक्रॉन, तर एक तरी वाकडा राहिला असता. एवढं नेटकं पाप या घरात एकच माणूस करू शकतं."

तेव्हा मला परवाची बस आठवली. पिशवी प्रवासात कशी टिकते ते बघायला मी ती घेऊन गावाबाहेर गेले होते. प्रत्येक गतिरोधकाला आरसा खडखडत होता. मी मांडीवर खोकं घेऊन तिन्ही स्क्रू पाव फेरा आवळले होते, घरी पोचेपर्यंतच. मग घरी पोचून जेवले आणि झोपले.

"मीच," मी म्हणाले.

"सरांना ऐकू आलं नाही."

"मीच आवळल्या. बसमध्ये. दादाचा काही संबंध नाही."

माफी मागायची तर आताच, हे मला कळत होतं. मी पाना हातात घेतला, आणि तोही माफीसाठी थांबला नाही.

सरांनी मला स्क्रू सैल करायला लावले. पट्टी तिन्हीकडून सरकली. आरसा सावरायला दहा मिनिटं दिली. तारा गोल झाला. सरांनी त्यावर मान हलवली, मग रबरी हातोडी उचलून दादाच्या हातात दिली. ठोका समोरच्या पक्षानं मारायचा, म्हणजे मागून कुरकुर नको.

माझी तिवई लाकडाची होती कारण लाकूड थरथर गिळतं. पण हातोडी किती जोरात पडेल ते काही लाकडाच्या हातात नव्हतं. दादा नळीपाशी आला.

"उतरली नाही तर सोमवारी टेपचे तुकडे मायक्रॉनमध्ये कापत बस," तो म्हणाला. "चालेल?"

काका जिन्याच्या दाराशी पाठ करून उभे राहिले. सर आयपीसला डोळा लावून बसले, हातात स्टॉपवॉच. दादानं हातोडी उचलली ती रोज कारखान्यात उचलतो तेवढीच, एक वीत, आणि तीन वेळा ठोका मारला. सरांनी आकडे वाचले.

पहिला ठोका, एक पूर्णांक नऊ. दुसरा, एक पूर्णांक आठ. तिसरा, एक पूर्णांक नऊ.