दहातल्या सहा

गाडीखालून वहिनींना नुसते बूट दिसत होते, पण ते मॅनेजरचे आहेत हे ओळखायला वेळ लागला नाही. अख्ख्या डेपोत ग्रीस न लागलेला तो एकच जोड होता.

“वहिनी, जरा बाहेर येता का?”

“नट आवळतेय साहेब. दोन मिनिटं.”

दोन मिनिटांची पाच झाली. बूट जागचे हलले नाहीत. एरवी या माणसाला कोणासाठी थांबायची सवय नव्हती, तेव्हा काम साधे नाही हे वहिनींनी ताडले. त्या पाठीवर सरकत बाहेर आल्या, फडक्याला हात पुसले आणि पाना खिशात टाकला.

डेपोतले सगळेच त्यांना वहिनी म्हणत. नवरा इथेच ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या झाडूवाली म्हणून लागल्या, त्याला बावीस वर्षे झाली. नवरा काही अपघातात गेला नव्हता, साध्या काविळीने गेला. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ब्रेकच्या बाबतीत ही बाई इतकी कडक, म्हणजे मागे काहीतरी घडलेले असणार, असे नवा माणूस धरूनच चालायचा. मागे काही नव्हते. झाडता झाडता त्या मिस्त्रींच्या शेजारी घुटमळायला लागल्या, मग पाने हातात द्यायला लागल्या, आणि एक दिवस मिस्त्री म्हणाले, “बघता काय नुसतं? घाला हात.” हात घातला आणि तो बसला. एवढेच.

पाच वर्षांपूर्वी मिस्त्रींना जवळचे दिसेनासे झाले, तेव्हा सहीचा अधिकारही वहिनींकडे आला. गाड्या शहराच्या आणि चालवणारी कंपनी कंत्राटावरची. कंपनी कोणतीही असो, ब्रेक तपासल्याच्या चिठ्ठीवर अधिकाराच्या माणसाची सही असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा शहराचा नियम होता. दोन कंपन्या आल्या नि गेल्या. दर वेळी शर्टाचा रंग तेवढा बदलला. घरी मुलगी चेष्टा करायची, “आई, दोन कंपन्या पचवल्यास. तिसरीला जरा सांभाळून.”

तिसरीची मुदत रविवारी संपत होती. आज शुक्रवार.

“टेकडीच्या मार्गावरच्या दहा गाड्या,” मॅनेजर म्हणाला. “लायनर कधी बदलले त्यांचे?”

“दोन महिने झाले. नवेकोरे आहेत अजून.”

“तेच म्हणतोय. काढून घ्या ते. जुने पडलेत ना कोपऱ्यात, ते चढवा. नवे आपल्या दुसऱ्या शहरातल्या डेपोला जायचेत. उद्या टेम्पो येईल.”

लायनर म्हणजे चाकाच्या आत ड्रमला घासून गाडी थांबवणारी पट्टी. कोपऱ्यातल्या जुन्या लायनरांवर नखाएवढीसुद्धा जाडी उरली नव्हती.

“झिजले म्हणूनच काढलेत ते, साहेब.”

“सोमवारपासून गाड्या नव्या कंपनीच्या. त्यांचं ते बघतील.”

“गाड्या त्यांच्या होतील. आत बसणारी माणसं बदलणारेत का?”

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “वहिनी, तुमचं अनुभवाचं पत्र माझ्या टेबलावर आहे. ते असलं तर नवी कंपनी बावीस वर्षं मोजून घेईल तुम्हाला. नसलं तर कोरी पाटी. मी काय म्हणतो ते कळतंय ना?”

“कळतंय की.” वहिनींनी फडके खांद्यावर टाकले. “पत्र बावीस वर्षांच्या कामाचं आहे ना साहेब? मग हे काम त्यात कुठं बसवू, तेवढं सांगा.”

मॅनेजरने पाठ फिरवली. तो निघून गेला.

शनिवारी सकाळी वहिनींना शहराच्या कचेरीत कागद पोचवायला पाठवले. असले काम त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. वाटेत संशय आला, पण हातात लेखी हुकूम होता. कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर करता करता चार वाजले. डेपोत परतल्या तेव्हा टेकडीच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांतल्या चारांच्या चाकांच्या नटांवर धूळ नव्हती. बाकी सहांच्या नटांवर होती. वहिनींनी पर्स खांद्यावरून न काढताच बॅटरी मागवली, वाकून ड्रमच्या फटीतून आत उजेड टाकला. जे दिसायचे ते दिसले.

मिस्त्री नळावर हात धूत होते. धुऊन झालेले हात पुन्हा धूत होते.

“चारच कशा झाल्या?” वहिनींनी विचारले.

“तेवढ्यात टेम्पो आला.”

“तुम्ही केलंत?”

“आणखी कोण करणार? डोळ्यांना दिसत नाही, हातांना दिसतं अजून.” मिस्त्रींनी वर पाहिले नाही. “दोनच वर्षं राहिलीत माझ्या नोकरीची, वहिनी. पत्र नसतं तर या वयात कुणाच्या दारात उभा राहणार होतो मी?”

वहिनींच्या ओठांवर पुष्कळ काही आले. पण ज्या माणसाने हाताला धरून शिकवले, त्याला नळापाशी उभे करून बोलायचे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी स्टोअरमधून चार पाट्या आणल्या. ‘बंद’ एवढेच त्यांवर लिहिलेले असे. चार गाड्यांच्या स्टिअरिंगला त्या बांधल्या. रजिस्टरात चार नंबर लिहिले, पुढे ‘ब्रेक नापास’ लिहिले आणि सही केली. उरलेल्या सहा गाड्या एकेक करून तपासल्या आणि त्यांच्याही चिठ्ठ्या लिहिल्या. मग मॅनेजरच्या खोलीत जाऊन सगळ्याची एक प्रत त्याच्या टेबलावर ठेवली. पत्र तिथेच होते. सहीची जागा कोरी होती. त्याने ते पत्र उचलून खणात ठेवले आणि खण बंद केला.

रविवारी मुलीने सगळे ऐकून घेतले. ती दवाखान्यात रक्त तपासायचे काम करायची, त्यामुळे तिलाही एका सहीची किंमत ठाऊक होती.

“नाही घेतलं नव्या कंपनीने तर?” तिने विचारले.

“तर नाही घेतलं.”

“माझ्या पगारात भागेल आपलं, आई.”

“भागेल गं. पण तुझ्या पगारात मी दिवसभर करू काय? पंख्याचे स्क्रू किती वेळा आवळू?”

मुलगी हसली. मग म्हणाली, “उद्या मी येऊ का बरोबर?”

“कशाला? मारामारी आहे का तिथं?”

सोमवारी पाचच्या आधीच वहिनी फाटकाशी पोचल्या. जुना मॅनेजर किल्ल्या देऊन मोकळा झाला होता. ड्रायव्हरांच्या अंगावर घडी न मोडलेले नवे शर्ट होते. सहा फुटांवर उंची असलेल्या लांबूला त्याचा शर्ट इतका तोकडा झाला होता, की हात वर केला की पोट दिसायचे. त्यावरून हसणे-खिदळणे चालले होते. तेवढ्यात नव्या कंपनीच्या मॅडम बाहेर आल्या. पस्तिशीच्या असतील. हातात यादी आणि चेहऱ्यावर रात्रभराचे जागरण.

“टेकडीच्या चार गाड्यांना या पाट्या कुणी लावल्या?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “ब्रेक नाहीत त्यांना.”

“नाहीत म्हणजे? हस्तांतराच्या कागदावर दहाच्या दहा चालू लिहिल्यात.”

“कागद चालू असतील. गाड्या नाहीत.”

मॅडमनी यादी चाळली. “तुमचं नावच नाही यात.”

“नसणारच. पत्र नाही मिळालं मला.”

“मग तुम्ही आत आलात कशा?”

“रोज येते तशी.”

कोणीतरी हसले. मॅडम हसल्या नाहीत. “हे बघा, आज आमचा पहिला दिवस आहे. पाच वीसला पहिली गाडी सुटायला हवी. दहा गाड्या कबूल केल्यात आम्ही. सहाच सोडल्या तर दुपारपर्यंत शहरभर बोंब होईल. चार गाड्या आजच्या दिवस जपून चालवतील ड्रायव्हर. उद्या बघू आपण.”

“उद्या बघू म्हणून गाडी थांबत नाही, मॅडम.”

मॅडमनी वळून लांबूच्या हातात किल्ली दिली. “तुम्ही काढा ही.”

लांबूने किल्ली घेतली. हातातल्या हातात फिरवली. “चिठ्ठी?”

“चिठ्ठी मी देते. माझी सही चालेल.”

लांबू अवघडला. माणूस भिडस्त होता, बायकांशी बोलताना मान खाली घालायचा. “राग मानू नका, मॅडम,” तो म्हणाला, “पण तुम्ही आत हात घालून बघितलंय का? वहिनींनी बघितलंय.” आणि त्याने किल्ली गाडीच्या पायरीवर ठेवली. बाकीच्या तिघांनी आपापल्या किल्ल्या तिच्या शेजारी ठेवल्या. घोषणा नाही, काही नाही. अंगावर शर्ट नवा होता, नोकरीचा पहिला दिवस होता, घरी खाणारी तोंडे प्रत्येकालाच होती. वहिनींनी त्या चार किल्ल्यांकडे पाहिले.

मॅडमनी यादी बाकावर ठेवली. “दाखवा मला.”

गाडी खालून तपासायच्या खड्ड्याच्या पायऱ्या तेलकट होत्या. वहिनींनी हात पुढे केला, मॅडमनी तो धरला. खाली उतरून वहिनींनी आधी सहातल्या एका गाडीचा ड्रम दाखवला, मग गाडी बदलून चारातल्या एकीचा. “बोट लावा. नाही, आणखी आत. लागलं काही?”

“खरखरीत लागतंय.”

“रिव्हेट आहेत ते. पट्टी संपली, खिळे उरलेत. टेकडीवरून भरली गाडी खाली येताना हे ड्रमला घासणार.”

मॅडमनी बोट मागे घेतले. काळे झालेले ते बोट त्या बॅटरीच्या उजेडात धरून बघत राहिल्या. वर आल्यावर त्यांनी फोन लावला, आणि पलीकडच्या माणसाने बराच आरडाओरडा केला असावा, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता. शेवटी एवढेच म्हणाल्या, “सहाच जातील. हो, माझ्या जबाबदारीवर.” मग फोन ठेवून वहिनींकडे वळल्या. “सामान अकराला येतंय. चार गाड्या संध्याकाळपर्यंत होतील?”

“दोन हात आहेत माझे. चार असते तर झाल्या असत्या.”

“माझे आहेत की,” मागून मिस्त्री म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. त्यांच्या छातीवर नव्या कंपनीचा बिल्ला होता. त्यांनी तो काढून खिशात ठेवला, बाह्या वर केल्या.

सामान आल्यावर दोघे कामाला लागले. चाक उतरवायचे, ड्रम ओढायचा, जुनी पट्टी काढायची, नवी ठोकायची. मिस्त्री हाताने चाचपून सांगायचे, वहिनी डोळ्यांनी बघून मान हलवायच्या. तिसऱ्या गाडीला मिस्त्री थांबले. “शनिवारी माझे हात थरथरत होते, वहिनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

“माहितेय. एक रिव्हेट तिरका मारलाय तुम्ही. तुमचा कधी जात नाही तिरका.”

मिस्त्रींनी तो रिव्हेट बोटांनी चाचपला. मग छिन्नी घेऊन त्यांनी तो उडवला. “आज बघा तुम्ही,” म्हणाले.

साडेपाचला चौथी गाडी टेकूच्या लोखंडी घोडीवरून उतरली. वहिनींनी चारही गाड्या आवारात स्वतः समोर उभे राहून थांबवून बघितल्या, पाट्या सोडल्या आणि चिठ्ठ्यांवर सही केली. मिस्त्रींनी एक चिठ्ठी मागून घेतली, डोळ्यांशी नेली, पुन्हा लांब धरली. काही दिसले असेल असे नाही. पण परत देताना म्हणाले, “अक्षर सुधारलंय तुमचं.”

कचेरीत मॅडमनी एक फॉर्म पुढे केला. “पत्र नाही, त्यामुळे वरून एवढंच मंजूर झालं. नव्या माणसाच्या श्रेणीत घेतील. सहीचा अधिकार शहराने दिलेला आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. पण अनुभवाच्या रकान्यात...” त्या थांबल्या. “शून्य लिहावं लागेल. मी भांडतेय अजून. पण आज तरी शून्यच.”

“त्यांना मी शिकवलंय,” दारातून मिस्त्री म्हणाले. “बावीस वर्षं. तसं लिहा.”

“तसा रकाना नाही हो, मिस्त्री.”

वहिनींनी फॉर्म वाचला, पेन मागून घेतले. शून्य स्वतःच्या हाताने लिहिले, चांगले गोल, जोडाच्या ठिकाणी नीट जुळवलेले. खाली सही केली. “तुम्ही भांडा, मॅडम. मीही भांडेन. उद्या पाळी किती वाजता?”

घरी जायची गाडी लांबूचीच होती. वहिनी चढल्या तशी नवी कंडक्टर बाई पुढे आली. जुन्या कंपनीचा पास कालच संपला होता आणि नवा अजून हातात पडायचा होता. पुढून लांबू ओरडला, “अहो बाई, वहिनींना कसलं तिकीट!”

“असू दे रे. एक द्या.”

“कुठलं?”

बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. थांब्याचे नाव आठवायला वहिनींना एक क्षण लागला. “पाण्याची टाकी,” त्या म्हणाल्या, आणि तिकीट घेऊन रिकाम्या जागी बसल्या. पाय पुढे पसरून त्यांनी डोळे मिटले.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना बोलायला माणूसच हवे होते. “नवी कंपनी म्हणे! सकाळी तब्बल चाळीस मिनिटं उभी केली मला टेकडीच्या थांब्यावर. पाय मोडून आले. एवढ्या गाड्या असून यांना सोडायला काय होतं हो?”

वहिनींनी डोळे उघडले. त्या बाईंच्या मांडीवरची पिशवी जड दिसत होती.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “थांबावं लागलं तुम्हाला.” आणि थोडे सरकून त्यांनी पिशवीपुरती जागा करून दिली.