फौजदार साहेबांचा तोकडा बाक

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या कुंपणाला टेकून, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या गर्दीत एक जुना, लंगडा बाक पडलेला दिसतो ना? तो मी. हसू नका. या गावातले भलेभले माझ्यावर बसून गेले आहेत.

बेलापूरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात आमचं हे लहानसं गाव. आसाराम विधाते साहेब इथे फौजदार म्हणून आले, तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या एका टेम्पोच्या हौद्याच्या फळ्या मिळवल्या आणि कानिफनाथ सुताराला बोलावलं. सुतार चांगला ऐसपैस बाक करायला निघाला होता. साहेब म्हणाले, "लांब नको. दोघं बसली पायजेत, पन मधी जागा उरता कामा न्हाई." असा मी जन्मापासूनच तोकडा. तेव्हा मला याचं फार वाईट वाटायचं.

पण साहेबांची रीतच निराळी होती. भांडण घेऊन दोघं आले की ते त्यांना माझ्यावर खांद्याला खांदा लावून बसवायचे आणि एक कप चहा, दोन बशा मागवायचे. एकाने चहा दोन्ही बशांत ओतायचा, दुसऱ्याने आधी हवी ती बशी उचलायची. मग काय, ओतणारा असा जपून ओतायचा, जणू तान्ह्या बाळाला औषध देतो आहे! चहा संपेपर्यंत साहेब एक अक्षर बोलत नसत. निम्मी भांडणं तिथेच थंड व्हायची. उरलेल्यांना साहेबांचा आवाज पुरे होता. खोटं बोलणाऱ्याची पाचावर धारण बसायची.

गनीभाई आणि रंगनाथ यांची शेतं एकमेकांना लागून. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं एकदा कुऱ्हाडी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले होते. त्यांनाही साहेबांनी असंच बसवलं. गनीभाईंनी इतका वेळ लावून चहा ओतला की दोघांनाही हसू फुटलं.

"पान्याचं पन असंच करा की," साहेब म्हणाले. "एकानं पाळ्या पाडायच्या, दुसऱ्यानं आधी निवडायची."

त्या दिवसापासून त्यांची अशी गट्टी जमली की जिथे जातील तिथे जोडीनेच. तेव्हा मला माझ्या तोकडेपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि इथेच घर बांधून राहिले. ठाण्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कुंपणाकडे झाली. एक पाय वाळवीने खाल्ला. मला राग यायचा, खरंच सांगतो. पण साहेबांच्या वाट्याला त्याहून वाईट आलं. त्यांची स्मरणशक्तीच विरत गेली. ते बोलेनासे झाले, जेवेनासे झाले.

एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते ठाण्याच्या आवारात आले आणि थेट माझ्यावर बसले. किती आनंद झाला म्हणून सांगू! मागोमाग त्यांच्या पत्नी रतनबाई धापा टाकत आल्या. साहेबांनी मान वर केली.

"बोला बाई, काय तक्रार हाय तुमची?"

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. जन्माच्या सोबत्याने ओळखलं नाही, हे दुःख मी लाकूड असूनही मला कळलं. पण कित्येक महिन्यांनी साहेब बोलले होते, हेही त्यांच्या ध्यानात आलं. तिथेच उभ्या राहून त्यांनी गनीभाईंना फोन लावला.

"भाऊ, तुमी आन रंगनाथभाऊ उद्या ठान्यात येऊन भांडा. लई मोठ्यानं भांडा."

दुसऱ्या दिवशी साहेब रतनबाईंसोबत आले, तर दोघं हजर! साहेबांनी त्यांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची घेतली.

"साहेब, ह्यानं माझं पानी चोरलं!" गनीभाई ओरडले.

"व्हय, म्या चोरलं... न्हाई न्हाई, ह्यानंच चोरलं!" रंगनाथ गोंधळला.

साहेबांनी एक कप चहा आणि दोन बशा मागवल्या. चहा संपला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आलात कशावर?"

"मोटारसायकलवर, साहेब."

"कुनाच्या?"

एकाच गाडीवर डबलसीट येऊन ती त्यांनी साहेबांच्या नजरेसमोरच लावली होती!

"पानी चोरनाऱ्याला मागं बसवून आनतोस व्हय रे?" साहेब म्हणाले आणि पोट धरून हसले. आतले पोलीससुद्धा बाहेर येऊन बघू लागले. मग साहेबांचं लक्ष बाजूला उभ्या असलेल्या रतनबाईंकडे गेलं.

"उठा रे दोघं. बाई कवाच्या उभ्या हायेत."

रतनबाई बसल्या. साहेबही त्यांच्या शेजारी येऊन बसले. "घाबरू नका बाई. ही दोघं खोटं बोलत्यात, पन मानसं चांगली हायेत. तुमचं काम मी करतो."

नवऱ्याला साहेब म्हणण्याची वेळ रतनबाईंवर उभ्या आयुष्यात आली नव्हती.

"व्हय साहेब," त्या म्हणाल्या आणि सोबत आणलेला डबा उघडून भाकरी पुढे केली. साहेबांनी ती सगळी खाल्ली.

मित्रांनो, मला नवा पाय बसवला नाहीत, रंग दिला नाहीत तरी चालेल. मी लाकूड आहे, निभावून नेईन. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस तुमचं नाव विसरलं, तर त्याच्यावर रागावू नका. ते ज्या नावाने हाक मारेल, त्या नावाला ओ द्या.