माझ्या रुळांत केशरी माती

मित्रांनो, मी जुना झालो हे मला मान्य आहे, पण मी मातीचे यंत्र नाही, हे आधी नीट ऐकून घ्या. मी पास्ता लाटायचे यंत्र आहे. तुमच्या घरी शेवयांचे यंत्र टेबलाला आवळून बसवतात ना, त्याच जातीचे. फक्त माझ्यातून शेवया पडत नाहीत, पिठाची लांबच लांब पट्टी उतरते. माझ्या पोटात दोन पोलादी रूळ आहेत, एका बाजूला फिरवायचा दांडा आणि दुसऱ्या बाजूला आकड्यांची चकती. एकवर पट्टी जाड, सातवर इतकी पातळ की तिच्याखालचे वर्तमानपत्र वाचून घ्यावे. आणि आज माझ्या रुळांच्या फटीत काय अडकले आहे, सांगू? काळे वटवाघूळ, केशरी भोपळा आणि पांढऱ्या भुताच्या झग्याचा घोळ. हसू नका. मला मुळीच हसू येत नाही.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यातला. जहाजाने अमेरिकेत आलो आणि पेनसिल्व्हेनियातल्या हेझलटन गावी गाएतानो नावाच्या माणसाने मला विकत घेतले. तो शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचा. त्याची बायको एर्सिलिया दर रविवारी लाटण्याने पास्ता लाटायची आणि सोमवारी खांदे धरून बसायची. गाएतानोने मला टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "घे. आता तुझे खांदे सुटले."

एर्सिलियाने मला त्याच दिवशी माझे नियम सांगितले. पाणी कधी लावायचे नाही, कोरडा ब्रश आणि बारीक काडी एवढीच माझी आंघोळ. शिवाय यंत्र बरेच दिवस बसून राहिले असेल, तर पहिला लहानसा गोळा आतून फिरवून फेकून द्यायचा. तो आतले तेल, धूळ, जे काही असेल ते घेऊन बाहेर येतो. "पहिला गोळा यंत्राचा," असे ती म्हणायची. असा मान मला त्या घरात होता!

पन्नास वर्षे मी तिच्या हाताखाली राबलो. ती नेहमी सहाच्या आकड्यावर लाटायची. गल्लीतल्या बायका पट्टी उजेडाला धरून पाहायच्या आणि एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. मला वाटायचे, ही सगळी शाबासकी माझीच.

सगळ्यात मोठा दिवस म्हणजे दोन नोव्हेंबर. तो मृतांच्या स्मरणाचा दिवस, तुमच्या सर्वपित्रीसारखा; या घरात त्या दिवशी वारलेल्या माणसांचे ताट वाढतात. एर्सिलियाच्या माहेरी, इटलीतल्या कालाब्रियात, या दिवशी रुंद पट्ट्या आणि हरभरे शिजवायची रीत आहे. अकरा वर्षांपूर्वी गाएतानो गेला. तेव्हापासून पहिले ताट त्याचे. एर्सिलियाने ते एकदाही चुकवले नव्हते.

मग गेल्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हातातला जोर गेला. रविवारचा पास्ता बंद झाला. मला तळघरातल्या कपाटात, जुन्या पडद्यांच्या मागे ठेवले. तिथपर्यंतही माझी काही तक्रार नव्हती. म्हातारपण सगळ्यांनाच येते.

पण सप्टेंबरात डार्लीन खाली आली. डार्लीन ही एर्सिलियाची सून. मनाने वाईट नाही, पण हात म्हणाल तर वादळ. तिने पडदे बाजूला केले, मला उचलले आणि स्वतःशीच म्हणाली, "अय्या, हे तर अगदी आयतंच मिळालं!"

तिला हॅलोविनसाठी, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणासाठी, मातीच्या वस्तू करायच्या होत्या. माती म्हणजे शेतातली नव्हे हो. दुकानात पाकिटात मिळते ती, रंगीत, तेलकट, ओव्हनमध्ये भाजली की कडक होणारी. पाकिटावर स्पष्ट छापले होते की या मातीसाठी वापरलेले भांडे पुन्हा खाण्यासाठी वापरू नये. डार्लीनने ते चष्मा लावून मोठ्याने वाचले. वाचून पाकीट फाडले आणि गोळा माझ्या तोंडात कोंबला!

काय सांगू तुम्हाला! माती आधी हाताने मळून मऊ करायची असते, एवढे मलाही कळते. हिने थंडगार, दगडासारखा गोळा तसाच घातला आणि दांडा हिसडला. मी करकरलो. तो अडकला, तर हिने दांडा उलटा फिरवला. पट्टी दुमडताना आत हवा राहिली, तर भाजल्यावर भोपळ्याला फोड आले. काळ्यानंतर केशरी घातली, पण मधे मला पुसले का? नाही. केशरीत काळ्या रेषा उमटल्या आणि ही टाळ्या पिटते, "किती छान नक्षी आली!" अहो, नक्षी कसली? शुद्ध आळस होता तो.

तरी खरे ते सांगितले पाहिजे. तिची भुते फार देखणी झाली. पांढरी पट्टी तिने सहाच्या आकड्यावर काढली, चांदीच्या कागदाचा बोळा उभा केला आणि त्यावरून ती पट्टी अलगद सोडली. खाली आपोआप चुण्या पडल्या. काडीने दोन डोळे टोचले, तोंडाला लहान भोक. अशी नऊ भुते तिने खिडकीत बसवली आणि दाराला वटवाघळांची माळ लावली. हॅलोविनला संध्याकाळी खाऊ मागायला पिशव्या घेऊन आलेली मुले चॉकलेट विसरून भुतांकडे बघत राहिली. शेजारणी विचारत होत्या, "कुठून आणलीस गं?" डार्लीन म्हणाली, "घरीच केली." माझे नाव कोण घेणार?

आणि दोन दिवसांनी, दोन नोव्हेंबरच्या सकाळी, वरून एर्सिलियाची हाक आली.

"डार्लीन, तळघरातलं माझं यंत्र वर आण गं. आज गाएतानोचं ताट करायचंय."

"आई, अहो, तुमचा हात..."

"डावा आहे ना धड? दांडा फिरवायला डावा काय अन् उजवा काय. पीठ तेवढं तू मळ."

मित्रांनो, हीच ती वेळ होती. एक वाक्य बोलली असती तर संपले असते. पण डार्लीन धावत तळघरात आली, "मेले, मेले" पुटपुटत मला कपडे धुवायच्या टाकीत घातले आणि नळ सोडला. पाणी! आणि वर भांड्यांचा साबण! बाहेरून मी लखलखीत झालो. आत, रुळांच्या खालच्या पट्ट्यांवर, माती जशीच्या तशी चिकटलेली.

स्वयंपाकघरात हरभरे रटरटत होते. गाएतानोचे ताट मांडून झाले होते, शेजारी पेलाही होता. मला टेबलाला आवळले आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ही माती या ताटात गेली तर? आयुष्यभर या घराला जेवू घातले आणि आता माझ्याच तोंडून हे बाहेर पडणार? ओरडायला मला तोंड होते, पण ते मातीने भरलेले!

डार्लीनने पीठ मळून पुढे ठेवले. एर्सिलियाने त्यातला सुपारीएवढा गोळा तोडला.

"एवढासाच?" डार्लीनने विचारले.

"पहिला गोळा यंत्राचा," एर्सिलिया म्हणाली आणि डाव्या हाताने दांडा फिरवू लागली.

डार्लीनला ही रीत ठाऊक नव्हती. पट्टी बाहेर आली. तिच्यावर केशरी रेघा होत्या, काळे ठिपके होते आणि कडेला साबणाचा फेस. एर्सिलियाने ती खिडकीशी नेली आणि डोळ्यांजवळ धरली.

"हे काय आहे?"

"मिरी असेल, आई."

"मिरी केशरी असते होय?"

डार्लीन पिठाचे हात पुसू लागली.

"आणि फेस कसला? मिरीचा?"

"आई, मी... ती खिडकीतली भुतं आहेत ना, ती यातून केली. तुम्हाला विचारलं नाही. मला वाटलं, आता तुम्ही काही करणार नाही."

"मी मेले, असं वाटलं तुला?"

"असं नका ना बोलू!"

"मग कसं बोलू? मनगट मोडलं गं माझं, मी नाही मोडले."

एर्सिलिया खुर्चीत बसली. ती रिकाम्या ताटाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते ताट रिकामे राहणार होते. डार्लीनने नाक पुसले, उठून फडताळ उघडले आणि मागच्या कोपऱ्यातले लाटणे बाहेर काढले.

"मी लाटते."

"तू कधी लाटलंयस?"

"नाही."

"मग असं दांडक्यासारखं धरू नकोस. पीठ भुरभुर. मधून बाहेर, मधून बाहेर! अगं, काय करतेस, गालिचा गुंडाळतेस का?"

तासभर हे चालले. मी कडेला केशरी तोंडाने बघत होतो. डार्लीनची पोळी एका अंगाला लांबली, दुसऱ्या अंगाला फाटली. तिला घाम फुटला, खांदे भरून आले. एर्सिलिया बोलायची थांबली नाही. शेवटी सुरीने पट्ट्या कापल्या. वेड्यावाकड्या आणि चांगल्या जाडजूड. त्या हरभऱ्यांत शिजल्या, गाएतानोचे ताट भरले आणि मग दोघी जेवायला बसल्या.

एर्सिलियाने पहिला घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिली.

"जाड झाल्यात ना?" डार्लीनने भीत भीत विचारले.

"जाडच झाल्यात," एर्सिलिया म्हणाली. "त्याला जाडच आवडायच्या. त्याची आई अशाच करायची."

"मग तुम्ही पातळ का करत होता?"

"यंत्र त्यानं हौसेनं आणलं होतं गं. मी मिरवायला पातळ करायची. तो चाळीस वर्षं गुपचूप जेवला. एकदाच बोलला, शेवटच्या आजारात. तरी सवयीनं माझा हात सहावरच जायचा."

मित्रांनो, माझ्या जिवाचे काय झाले असेल, कल्पना करा. चाळीस वर्षे मी सहाच्या आकड्यावर जीव काढला आणि ज्याने मला विकत आणले त्यालाच ते नको होते! मला राग आला. वाईटही वाटले. आणि मग तो माणूस आठवला, दर रविवारी हसत दुसऱ्यांदा वाढून घेणारा, आणि रागवावे तरी कुणावर, ते कळेना.

जेवण झाल्यावर एर्सिलियाने मला मांडीवर घेतले. जुना दात घासायचा ब्रश आणि लाकडी काडी घेऊन ती डाव्या हाताने माझ्या फटी कोरू लागली. काळे निघाले, पांढरे निघाले, केशरी तर निघता निघेना.

"आई, आता यातून खायचं काही जाणार नाही," डार्लीन म्हणाली. "मग इतकं कशाला कोरताय?"

"मी याला राबवलंय. असं घाणीत नाही टाकायची." मग काडी न थांबवता ती म्हणाली, "तुझीच कर आता यातून भुतं. चांगली झालीत. पण रंग बदललास की आधी पूस. आणि पाणी लावलंस तर बघ."

"हो आई."

"वर येऊन विचारायचं होतंस गं. मी हो म्हटलं असतं."

डार्लीनला रडू फुटले. आता रडून काय उपयोग? बारा पायऱ्या चढायच्या होत्या, बस्स.

म्हणून मी तुम्हाला हात जोडून, म्हणजे दांडा जोडून, सांगतो. एखादी वस्तू कपाटात पडून आहे म्हणजे तिचे माणूस संपले, असे धरून चालू नका. भोपळे करा, वटवाघळे करा, हवी तितकी भुते करा, मी लाटून देईन. मला पिठाची आशा आता उरलेली नाही. पण ज्याची वस्तू आहे तो वरच्या खोलीत बसलेला असतो. दिवसभर खिडकीतून बाहेर बघत असतो आणि कुणीतरी येऊन आपल्याला काहीतरी मागावे, याची वाट बघत असतो.