रिकाम्या खोलीचं दार

सूनबाईंचा चिन्हशास्त्रावरचा प्रबंध एका दारापाशी येऊन अडला होता. दार कथेतलं. कथेतला म्हातारा एकटाच राहतो, किल्ली त्याच्याच खिशात असते, तरी घरात शिरण्याआधी रोज दार वाजवतो. का, ते लेखकानं सांगितलेलं नाही. सूनबाईंनी लिहिलं : दार म्हणजे देह, टकटक म्हणजे आत्म्याची हाक. मार्गदर्शक मॅडमनी समासात तीन प्रश्नचिन्हं काढून कागद परत पाठवले. उद्या शेवटची तारीख.

"ते चिन्हशास्त्र म्हणजे असतं तरी काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"खूण दिसली, की ती कशाकडे बोट दाखवते ते शोधायचं."

"इश्श, हे तर मी रोज करते!"

सासूबाई तीस वर्षांपासून इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. चादर मधोमध चुरगळलेली असली, तर ती पेशंटची तळमळ. नुसता एकच कोपरा पिळवटलेला असला, तर शेजारच्या स्टुलावर कुणीतरी जीव मुठीत धरून बसलं होतं.

म्हाताऱ्याचं उत्तरही त्यांना ठाऊक होतं. पण सांगायचं कसं? पोर हसली तर? एकाच टॉवेलची घडी त्यांनी तीनदा घातली.

"आत्माबित्मा काही नाही गं," शेवटी त्या म्हणाल्या. "बायको गेली असेल त्याची. एकदम आत शिरलं, की खोली रिकामी. वाजवलं, की क्षणभर तरी आत कुणीतरी असतं. त्याचा देव तेवढ्या क्षणात राहतो."

सूनबाईंचं पेन थांबलं. "आई, तुम्हीसुद्धा तुमच्या खोलीचं दार..."

"हे गेल्यापासून."

"अरे देवा! आम्हाला वाटलं, कडी अडकते म्हणून ठोकताय. तुमच्या लेकानं दोनदा सुतार आणला!"

"तरीच! कडी कशी लोण्यासारखी सरकते!"

दोघी पोट धरधरून हसल्या. मग डोळे पुसून सूनबाईंनी एका बैठकीत प्रकरण लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई कामावरून आल्या, आपल्या खोलीचं दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "या, या!"

"अगं बाई! जीव घेशील माझा!"

सूनबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, हातात कागद नाचवत. "आई, पास! तीन प्रश्नचिन्हांच्या जागी एकच शब्द : पटलं!"

सासूबाईंनी सुनेचे दोन्ही गाल धरून हलवले. सूनबाईंची नजर दाराकडे गेली. त्यांनी भराभर कागद गोळा केले.

"थांबा, मी बाहेर जाते. तुम्ही पुन्हा वाजवा."

सूनबाई बाहेर पडल्यावर सासूबाईंनी रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं, केस नीट केले, आणि वाजवलं.