डिगरी मागे फिरला

सॉल्टलिकचं पाणी इतकं खारट, की ते पिऊन माणूस रडला तर डोळ्यांतून गोडं पाणी यायचं. आणि वारा असा, की कुत्रं इथे भुंकलं तर भुंकणं पलीकडच्या वस्तीत जाऊन पडे. मग ते परत आणायला कुत्र्याला स्वतः जावं लागे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या त्या उजाड माळावर चांदी लागली आणि इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बोटीने आलेली खाणकरी माणसं फळ्यांच्या खोपटांत संसार मांडून बसली. अशा जागी कशाचाही दुष्काळ पडावा. डिगरी ट्रेवीनच्या घरात दुष्काळ होता तो शब्दांचा.

संध्याकाळी तो खाणीतून यायचा, हात धुवायचा आणि ताटावर बसायचा.

"मीठ बरोबर आहे ना?" त्याची बायको टॅमसिन विचारायची.

"हं."

"आज वारा जरा पडलाय."

"हं."

एकदा तिने मुद्दाम सांगून पाहिलं, "आपल्या छपरावर उंट बसलाय."

"हं," डिगरी म्हणाला आणि पाव मोडून घेतला.

तसा माणूस सोन्यासारखा! दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता, मजुरी सगळी घरी आणत होता. आपल्याकडेही अशा नवऱ्याला लोक देवमाणूस म्हणतात. पण देवाशी संसार करणं किती अवघड, हे देवळातल्या घंटेला विचारा. रोज वाजायचं आणि समोरून उत्तर नाही.

गंमत अशी, की जमिनीखाली गेला की याच डिगरीच्या जिभेला पालवी फुटायची. खाणीच्या भिंतीत बुटके राहतात, दरड कोसळायच्या आधी ते आतून टकटक करून सावध करतात, असं कॉर्नवॉलची माणसं मानतात. म्हणून दुपारी शिदोरीतल्या पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या त्या भल्या थोरल्या करंजीचा, एक कोपरा त्यांच्यासाठी ठेवायचा आणि चार शब्द बोलायचे, नाहीतर ते रुसतात. बाकीचे तुकडा टाकून मोकळे होत. डिगरी मात्र मांडी घालून बसे.

"काल टॅमसिनने केस धुतले रे," तो भिंतीला सांगे. "खिडकीत वाळवत बसली होती. सूर्य मावळायला तयार होईना, बेटा."

हे सगळं ऐकायचा त्याचा जोडीदार, म्हातारा पास्को काका. खडकाला भोक पाडायला डिगरी दोन्ही हातांनी पहार धरून फिरवायचा आणि काका तिच्यावर घण घालायचा. इतक्या वर्षांत काकाचा घण चुकला नव्हता आणि डिगरीचं बायकोपुराण संपलं नव्हतं.

आणखी एक रीत होती. खाणीसाठी उंबरठा ओलांडला, की मागे वळून पाहायचं नाही आणि काही विसरलं तरी परत फिरायचं नाही. फिरलं की त्या दिवशी छत कोसळणार. म्हणून टॅमसिन रोज सकाळी दारात उभी राही आणि डिगरी मानेत सळई घातल्यासारखा ताठ निघून जाई. तिचं कुंकू शाबूत राहावं म्हणूनच तो पाहत नसे. तिला दिसायची ती फक्त त्याची पाठ.

अशात बील आला. हा खेचरांची गाडी घेऊन आठवड्याला सामान आणायचा. पक्का बोलघेवडा. आपलं खेचर वर्तमानपत्र वाचतं, फक्त पान उलटायला आपल्याला जावं लागतं, असं तो शपथेवर सांगायचा. पण दारात पिंप उतरवताना तो विचारायचा, "रात्री झोप लागली का, बाई? वारा फार होता." आणि उत्तराला थांबायचा. कधी एखादं लिंबू ठेवून जायचा.

एके दिवशी खाणीतली पाळीच लवकर सुटली आणि घरी येताना डिगरी वाटेवरच थबकला. घरातून हसू ऐकू येत होतं. टॅमसिनचं हसू! ते ऐकून किती दिवस झाले, हे त्याला आठवेना. आत जाऊन आपणही हसावं, असं वाटायच्या ऐवजी तो लाकडांच्या ढिगाआड उभा राहिला, बीलची गाडी जाईपर्यंत.

त्या संध्याकाळी जेवताना टॅमसिन म्हणाली, "बील उद्या सकाळी कार्सन शहराला निघतोय. तो आता तिकडेच राहणार, आपल्या फेऱ्या त्याचा भाऊ करणार. तिथे शिवणकाम मिळेल म्हणतो. गाडीवर माझ्यापुरती जागा आहे." तिने चमचा खाली ठेवला. "जाऊ मी?"

नको जाऊस, हे दोनच शब्द डिगरीला म्हणायचे होते.

"हं," तो म्हणाला.

सकाळी ती दारात उभी होती. तो निघाला. त्याने मागे पाहिलं नाही.

खाली खाणीत न्याहारीची वेळही झाली नव्हती, तरी डिगरीने पेस्टीचा कोपरा मोडला आणि भिंतीपाशी ठेवला. "ती चालली रे आज," एवढंच तो बोलला.

पास्को काकाने उचललेला घण खाली टेकवला. "कोण चाललं?"

डिगरीने सगळं सांगितलं.

"'जाऊ?' म्हणाली आणि तू काय म्हणालास?"

"हं म्हणालो."

"गाढवा! अरे, निघायचंच असतं तर तिने ट्रंक उचलली असती, तुला विचारलं कशाला असतं?"

"मला ती किती प्रिय आहे, तिला ठाऊक आहे, काका."

"हो का? कुणी सांगितलं? बुटक्यांनी?" काका खेकसला. "रोज तिच्या केसांचं कौतुक या दगडाला. या दगडाने तुझा कधी सदरा शिवला? ताप आला तेव्हा उशाशी बसला?"

"पण आता परत फिरलो तर अपशकुन. छत पडेल."

"इथल्या छताला मी स्वतः खांब ठोकलेत. तुझ्या घराचं छत कलतंय, लेका! त्याला कुठला खांब दिलायस? ऊठ!"

आणि डिगरी उठला! शिड्यांमागून शिड्या चढून तो वर आला, तेव्हा खाणीच्या तोंडाशी उभे असलेले लोक हबकलेच.

"ए डिगरी, फिरलास मागे? आज कुणाचा जीव घेतोस?" दांडगा झॅकी ओरडला.

डिगरी थांबला नाही. टोपीवर चिखलाने चिकटवलेली मेणबत्ती भर उन्हात जळतच होती, आणि तो असा पळाला, म्हणतात, की त्याची सावली दमून वाटेत बसली.

घरापुढे गाडी उभी होती. बील पट्टे आवळत होता. टॅमसिन ट्रंकेवर बसली होती. डिगरी दिसताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. कामाची पाळी सुटण्याआधी खाणकरी घरी येतो, तो एकाच बातमीसाठी!

"कोण गेलं?" ती धावत आली. "पास्को काका? छत पडलं? तुला कुठे लागलंय?" ती त्याचे खांदे, हात, डोकं चाचपत होती.

"कुणी नाही गेलं."

"मग आलास कशाला?"

"तुला बघायला."

तिच्याकडे बघून पुढे बोलणं डिगरीला जमेना. शेवटी तो उंबऱ्याच्या कोपऱ्याकडे पाहत, जणू खाणीतले बुटके तिथेच बसलेत असा, म्हणाला, "ऐका रे, पोरांनो. ही हसते ते मी काल लपून ऐकलं. ते माझ्यामुळे असावं असं फार वाटलं. सकाळी ही दारात असते ते मला पाठीला कळतं. दिवसभर हिच्याबद्दलच बोलतो मी, आणि घरी आलो की शब्द सापडत नाहीत..."

"इकडे बघून बोल," टॅमसिन हळूच म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "जाऊ नकोस."

बील तिकडे पट्ट्याची एकच गाठ तिसऱ्यांदा बांधत होता. "बाई, ट्रंक चढवू का?"

"नको, बील. तुझी वाट सुखाची होवो." मग ती नवऱ्याकडे वळली. "खोटं नाही सांगणार. त्याच्यावर जीव जडला नव्हता, पण जडत आला होता. तो विचारायचा, आणि मला उत्तर द्यायला बरं वाटायचं. मला या माळावर एकटी ठेवून तू माझ्याशेजारीच बसायचास, डिगरी. हे पुन्हा झालं, तर मी कुणाच्या गाडीची वाट पाहणार नाही. चालत जाईन."

"कळलं," डिगरी म्हणाला. "माझं चुकलं." आणि मग, मोठ्या कष्टाने, "रात्री झोप लागली का तुला?"

"नाही," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. "तुला?"

त्या दिवशी छत कोसळलं नाही. संध्याकाळी सगळी माणसं धडधाकट वर आली, आणि डिगरीला शिव्या घालायला निघालेल्या झॅकीला त्याच्या बायकोने वाटेतच अडवून विचारलं, "टॅमसिनचा नवरा भर पाळीतून धावत आला म्हणे. तू आला असतास का रे?" झॅकी शिव्या विसरला. ती रात्र त्याला फार जड गेली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून तो बायकोशी बोलू लागला. सुरुवातीला नुसतं हवामानावर. पण सुरुवात झाली.

मंडळी, आपणही आपल्या माणसाचं कौतुक करत नाही असं थोडंच आहे? करतो की! कचेरीत करतो, पानाच्या ठेल्यावर करतो, माणूस गेल्यावर तर भरभरून करतो. फक्त ज्याचं करतो ते माणूस तेव्हा तिथे नसतं. घर मजुरीवर चालतं हे खरंच, पण माणूस घरात टिकतो तो कुणीतरी विचारतं, ऐकतं आणि उत्तराला थांबतं म्हणून. तेव्हा ज्याचं कौतुक, त्याच्याच कानावर घाला. आजच घाला, जेवायला बसाल तेव्हा.